गळती टपाला, ओल भलतीकडंच! राहत्या जुन्या गाडीची दुरुस्ती पावसाळ्याआधी अशी करा

येडगाव (ता. जुन्नर) : जुनी गाडी घेताना आपण इंजिन बघतो, टायर बघतो, कागदपत्रं बघतो. पण ज्या गाडीत माणसं झोपणार आहेत तिच्या टपावर चढून कोणी बघत नाही. आपल्या भागात अशा राहत्या गाड्या कमी नाहीत. नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी. दसऱ्याला बाहेर पडलेले फड बुद्ध पौर्णिमेपर्यंत गावोगाव फिरतात आणि तेवढे महिने कलाकारांचा संसार ट्रक-बसमध्येच असतो. पावसाळ्यात त्याच गाड्या उघड्यावर उभ्या राहतात. आषाढी वारीला दिंडीसोबत जाणाऱ्या गाड्या आहेत. 2018 साली जुन्नर पर्यटन तालुका जाहीर झाला, 2021 मध्ये राज्याचं कॅराव्हॅन धोरण आलं. त्यामुळं जुनी मिनीबस घेऊन तिच्यात पलंग, ओटा बसवायचा विचारही काही शेतकरी करू लागलेत.

आम्ही दोघा चुलतभावांनी तोच उद्योग केला. जुनी मिनीबस घेतली, धरणाच्या बाजूच्या रानात उभी केली. पहिल्याच पावसात पलंगाच्या वर ओल आली. जिथं ओल दिसली तिथं आतून सिलिकॉन भरलं, वरून नवा प्लाय ठोकला. आत सगळं चकाचक. दुसऱ्या पावसाळ्यात दाराची कडी धरली की हाताला झिणझिण्या येऊ लागल्या. प्लाय काढून बघितला तर आत थर्माकोल भिजून चिंब, लाकडी पट्ट्या हातानं चुरगळत होत्या आणि विहिरीवरून ओढलेल्या लाइटीची वायर त्याच ओलीत पडलेली. त्या दिवशी एखादं लेकरू ओल्या पायानं दाराला लटकलं असतं तर काय झालं असतं, हा विचार अजून झोप उडवतो. आमच्यासारखी चूक दुसऱ्यानं करू नये म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी करंट बंद

कामाला हात घालण्याआधी बाहेरून आलेली 230 व्होल्टची लाइन पूर्ण काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. बॅटरीची निगेटिव्ह तार सुटी करा. काम झाल्यावर पुन्हा लाइन जोडताना वायरमनकडून 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी आणि अर्थिंग करून घ्या. करंट बॉडीत उतरला तर आरसीसीबी लाइन तोडतो, साधा फ्यूज तेवढ्यानं जात नाही.

पाणी येतंय कुठनं?

सगळ्यात मोठा घोळ इथंच होतो. टपातून शिरलेलं पाणी आतल्या अँगलवरून, वायरीवरून वाहत जातं आणि पाच-सहा फूट लांब जाऊन टपकतं. म्हणून डाग दिसतो तिथं भोक असेलच असं नाही.

कोरड्या दिवशी शक्य तेवढा आतला प्लाय उघडा करा. एक जण बॅटरी घेऊन आत बसेल, दुसरा बाहेरून पाइपनं पाणी सोडेल. पाणी खालून वर चढवत न्यायचं. आधी खालची बाजू, मग खिडक्या, मग मागचे दिवे आणि शेवटी टप. प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटं थांबायचं. एकदम टपावर पाणी सोडलं तर ते सगळीकडून ओघळतं आणि काहीच कळत नाही. वॉशिंग सेंटरचा प्रेशर पंप वापरू नका. पावसात जिथं पाणी जात नाही तिथंही तो पाणी घुसवतो. आतल्याला थेंब दिसला की खडूनं खूण करायची.

जास्त करून पाणी शिरतं ते पत्र्याच्या जोडातून, ढिल्या रिव्हेटमधून, कॅरिअर आणि शिडीच्या नटांपाशी, टपावरच्या हवेच्या झडपेच्या कडेनं आणि काचेच्या कडक झालेल्या रबरातून. दाराच्या आणि खिडकीच्या खालच्या अंगाला पाणी जायला बारीक भोकं असतात. ती मातीनं बुजली की पाणी उलटं आत येतं. ती तारेनं मोकळी करा.

गळती की दहिवर?

थंडीत पाऊस नसतानाही सकाळी आतून पत्रा ओला दिसतो. ती गळती नसते. झोपलेल्यांच्या श्वासाची, चहा-स्वयंपाकाची वाफ गार पत्र्यावर बसून पाणी होतं. ओळखायचं कसं? भिंतीच्या आतल्या प्लायवर फूटभर प्लॅस्टिकचा कागद चारही बाजूंनी टेपनं चिकटवा आणि एक-दोन दिवस ठेवा. थेंब आपल्या बाजूला आले तर वाफ, कागदाच्या मागं आले तर ओल भिंतीत मुरलेली आहे. वाफेला उपाय हवा खेळती ठेवण्याचा. एक खिडकी आणि टपाची झडप थोडी उघडी ठेवायची. तिथं सीलंट भरून उपयोग नाही.

सडलेलं काढा, मग वाळू द्या

स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. सहज आत गेला तर ते लाकूड गेलं, त्याचा मोह धरू नका. चांगलं लाकूड हाती लागेपर्यंत कापून काढा. भिजलेला थर्माकोल फेकून द्या. काचलोकर असेल तर मास्क, हातमोजे घाला. बुरशी कोरडी असताना झाडू नका, उडून छातीत जाते. मास्क लावून साबणाच्या पाण्यानं पुसून घ्या.

यानंतरची पायरी म्हणजे थांबणं, आणि तीच कोणी करत नाही. एप्रिल-मेच्या उन्हात दारं-खिडक्या उघडून गाडी दोन-तीन आठवडे तशीच ठेवा. वरून कोरडं दिसतं, पण आत ओल असते. सुताराकडं किंवा ऑनलाइन ओल मोजायचं छोटं यंत्र मिळतं. लाकडात 20 टक्क्यांच्या वर ओल राहिली तर कुज चालूच राहते. 15 च्या खाली आल्यावरच झाकायचं.

गंजलेला पत्रा वायर ब्रशनं चकचकीत होईपर्यंत घासा, त्याच दिवशी प्रायमर मारा, मग रंग. आरपार भोक असेल तर पत्र्याचा तुकडा लावा. वेल्डिंग करायचं असेल तर आजूबाजूचा थर्माकोल, फोम आधी काढा. त्याला आग लागायला वेळ लागत नाही. पाण्याची बादली आणि वाळू जवळ ठेवा.

काय भरायचं, काय नाही

डांबर उन्हात पातळ होऊन ओघळतं. एपॉक्सी पुट्टी कडक होते, गाडी खड्ड्यात आपटली की तिला तडा जातो. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं स्वस्त सिलिकॉन उघड्या पत्र्याला गंज आणतं आणि त्यावर रंगही धरत नाही. पत्र्याच्या जोडांना पीयू म्हणजे पॉलियुरेथेन सीलंट वापरा. गाड्यांच्या समोरच्या काचा याच जातीच्या मसाल्यानं चिकटवतात. ते वाळल्यावरही रबरासारखं लवचिक राहतं. झडप, शिडी, कॅरिअर यांच्या खाली ब्युटाइल टेप लावून मग स्क्रू आवळा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा आवळा.

जुना मसाला पूर्ण खरवडून, जागा पुसून, कोरडी करूनच नवा भरायचा. जुन्यावर नवा थापला की तो पापुद्र्यासारखा सुटतो. आणि सीलंट नेहमी बाहेरून. आतून भोक बुजवलं तर पाणी पत्र्याच्या पोटात अडकतं. आम्ही हेच केलं होतं.

आत नवा प्लाय बसवताना आयएस 710 शिक्का असलेला मरीन प्लाय घ्या आणि कापलेल्या कडांना रंग किंवा वॉर्निश पाजा. पाणी कडेतूनच शिरतं. झाकायच्या आधी पुन्हा एकदा पाइपनं पाणी मारून बघा.

पावसाळ्यात उभी करताना

गाडी एका बाजूला थोडी उतरती उभी करा, म्हणजे टपावर पाणी साचणार नाही. ताडपत्री थेट पत्र्यावर आवळून बांधू नका, आत घाम धरतो. बांबूवर थोडी उंच ताणा, खालून वारा जाऊ द्या. पंधरा दिवसांतून एकदा उघडीप बघून दारं उघडा. कुबट वास आला तर लगेच शोध घ्या, डाग पडायची वाट बघू नका.

नवी खिडकी कापायची, टप उंच करायचा असा बदल असेल तर तो नुसत्या दुरुस्तीत बसत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये तो येतो, आधी आरटीओत विचारून घ्या.

आमची गाडी आता कोरडी आहे. तरी दर वर्षी मे महिन्यात आम्ही दोघं टपावर चढतो आणि एकेक रिव्हेट हातानं चाचपून बघतो. अर्ध्या दिवसाचं काम आहे.