कळसूबाईची उंची, अधिक-उणे वीस

अकोले तालुक्यातल्या बारी गावातून पहाटे निघालेले ट्रेकर लोखंडी शिड्या चढून कळसूबाईच्या माथ्यावर पोचतात, देवीला हात जोडतात आणि खिशातून मोबाइल काढतात. महाराष्ट्रातलं हे सर्वोच्च शिखर १६४६ मीटर उंच. पण एखाद्या मोबाइलवर उंची १६००च्याही आत दिसते, शेजारच्याच्या हातात भलताच आकडा येतो आणि वाद रंगतो. बिघाड कोणत्याच मोबाइलमध्ये नसतो.

उपग्रहांवरून मिळणारी उंची मुळात समुद्रसपाटीपासूनची नसतेच. ती पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासून मोजतात आणि सह्याद्रीच्या या भागात समुद्रसपाटीची पातळी त्या लंबगोलाच्या साधारण ६० मीटर खाली येते. काही ॲप ही दुरुस्ती करतात, काही करत नाहीत. आकड्याशेजारचं ‘± ४’ या ६० मीटरांबद्दल अवाक्षर काढत नाही. शिवाय अँड्रॉइडमध्ये त्या ‘±’ची खात्री ६८ टक्केच असते.

दुसरा मार्ग हवेच्या दाबाचा. अनेक मोबाइलमध्ये दाबमापक असतो. जर्मनीच्या आखेन इथल्या तंत्रविद्यापीठाचं ‘फायफॉक्स’ हे मोफत ॲप त्याचं वाचन थेट दाखवतं. कळसूबाईच्या उंचीवर दाब १ हेक्टोपास्कलने घटला, की सुमारे १० मीटर चढ झाला असं समजायचं. पण आपल्याकडे हवेचा दाब रोज सकाळी दहाच्या सुमारास चढतो आणि दुपारी चारच्या सुमारास उतरतो. हा फरक ३-४ हेक्टोपास्कलचा. म्हणजे माथ्यावर नुसतं बसून राहिलेला माणूस मोबाइलच्या हिशेबाने दुपारपर्यंत ३० मीटर वर गेलेला असतो!

अनिश्चितता काढणारी ॲप इथे कामाला येतात. समजा, पायथ्यापासूनचा चढ ८०० मीटर आहे. मधल्या वेळात बदललेल्या दाबामुळे ६ मीटरची शंका. हवेचं सरासरी तापमान ३ अंशांनी चुकलं, तर एक टक्का, म्हणजे ८ मीटरची. या शंकांची थेट बेरीज करत नाहीत, कारण दोन्ही चुका दर वेळी एकाच बाजूला पडतील असं नाही. त्यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घ्यायचं: ३६ अधिक ६४, म्हणजे १००, वर्गमूळ १०. सुमारे ९५ टक्के खात्रीसाठी त्याची दुप्पट, ± २० मीटर. मोजमापातली अनिश्चितता कशी मांडावी हे सांगणाऱ्या, १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेची हीच रीत जगभरच्या प्रयोगशाळा पाळतात.

हे गणित ॲप क्षणात करतं. मात्र शंका कुठे कुठे आहे, हे त्याला माणसानेच सांगावं लागतं. नुसती शंभर वाचनं घेऊन सरासरी काढली, तर सेन्सरची थरथर कमी होईल. लंबगोलाचे ६० मीटर जागचे हलणार नाहीत.

पुढच्या ट्रेकला बारीत दाबाचं वाचन दोनदा, एकाच जागी घ्या: निघताना आणि परतल्यावर. दोन्हींत जो फरक येईल, त्यावरून दिवसभरात दाब किती सरकला याचा अंदाज येईल. तो ॲपमध्ये भरा आणि माथ्यावरच्या फोटोखाली उंची लिहिताना तिच्यापुढे ‘±’ही लिहा.