वईला पिवळी कोरांटी

आज बोलूया आपल्या परसातल्या पिवळ्या कोरांटीबद्दल.

पाऊस सरला की कोकणात वई घालायची घाई सुरू होते. रानातून काट्याकुट्या तोडायच्या, डोक्यावरून आणायच्या. पुढच्या पावसात सगळं कुजून जातं. हे ओझं बहुतेक बायकांच्याच डोक्यावर. तार घ्यावी तर पैसे पडतात, आणि खाऱ्या वाऱ्याने ती गंजते. म्हणून आमच्या गटातल्या आम्ही बायका म्हणतो, वई जिवंतच लावूया.

कोरांटी आपल्याच मातीतली. शास्त्रीय नाव बार्लेरिया प्रायोनायटिस. अबोली आणि अडुळसा यांच्याच कुळातली. कमरेएवढी, कधी छातीएवढी वाढते. पानांच्या बगलेत अणकुचीदार काटे असतात, त्यामुळे गुरं सहसा तोंड लावत नाहीत. मुरमाड, कातळाच्या जमिनीतही ती तग धरते. एकदा रुजली की उन्हाळ्यात फारसं पाणी मागत नाही.

लावायची कशी? पावसाच्या सुरुवातीला वीतभर लांबीच्या, पेन्सिलएवढ्या जाड फांद्या कापा. खालची पानं काढून अर्धी फांदी मातीत जाईल अशी, फूट-फूट अंतरावर दोन ओळींत लावा. दुसऱ्या ओळीतलं रोप पहिल्या ओळीतल्या दोन रोपांच्या मधोमध येऊ द्या, म्हणजे फट राहत नाही. पाणी साचतं तिथे लावू नका, आणि भरतीचं खारं पाणी चढतं तिथेही नको. पहिलं वर्षभर मात्र जुनी वई राहू द्या; कोवळ्या रोपांना आडोसा लागतो. बहर संपल्यावर शेंडे छाटा, म्हणजे झाड खालून दाट होतं. छाटताना हातमोजे घाला.

पावसाळा सरता सरता फुलं येतात. काट्यांतून अलगद वेचावी लागतात. अबोलीसोबत वेणीत गुंफली की रंग खुलतो. फुलं नाजूक, म्हणून सकाळी वेचून लगेच ओवा. या झाडावर काही फुलपाखरं अंडी घालतात. अळ्या दिसल्या तर औषध मारू नका, थोडी पानं त्यांना राहू द्या.

सुकलेली बोंडं तडकून बिया उडतात. बांधापलीकडे रोपं उगवली तर उपटून हवी तिथे लावा. ऑस्ट्रेलियात हीच कोरांटी बाहेरून जाऊन तण झाली आहे. म्हणून आपली झाडं आपल्याच मातीत शोभतात.

दातदुखीवर पानं चावायची जुनी रीत आहे. पण दात किडला असेल तर दवाखाना गाठायचाच.

येत्या पावसात प्रत्येकीने शेजारणीकडून दहा काड्या मागून आणा. विकत घ्यायची गरजच नाही. वई उभी राहिली की रानातली एक खेप कमी होईल, आणि तेवढा वेळ आपला.