दांडा पूर्व-पश्चिमच का?

आगगाडीच्या आसाला केसासारखी बारीक चीर पडली, तर ती नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. पण धावत्या गाडीखाली तोच आस मोडला तर? म्हणून आस विजेच्या साहाय्याने चुंबकित करून त्यावर लोहचूर्ण टाकतात. चिरेपाशी चुंबकीय बलरेषा पृष्ठभागाबाहेर डोकावतात. तेथे चूर्ण गोळा होते आणि चीर रेघेसारखी उमटते.

तपासणी संपली तरी आसात थोडे चुंबकत्व उरतेच. त्याला लोखंडाचा कीस चिकटतो आणि बेअरिंग झिजते. ते घालवण्यासाठी आस प्रत्यावर्ती प्रवाहाच्या वेटोळ्यातून सावकाश बाहेर काढतात. ५० हर्ट्‌झच्या प्रवाहाची दिशा सेकंदाला १०० वेळा उलटते. वेटोळे जसजसे दूर जाते, तसतसे आसावरील त्याचे क्षेत्र क्षीण होत शून्याला पोचते.

खरेच शून्य? नाही! पृथ्वीचे क्षेत्र उरतेच. भारतात त्याचा क्षितिजसमांतर घटक सुमारे ०.४ गौस, म्हणजे अगदी दुबळा आहे. परंतु दक्षिणोत्तर ठेवलेला लांब दांडा या बलरेषा स्वतःत ओढून घेतो आणि किंचित चुंबकच राहतो. म्हणून लांब दांडे पूर्व-पश्चिम ठेवूनच हे काम करतात.

तापलेले लोखंड दक्षिणोत्तर धरून ठोकले, तर त्याचे चुंबक बनते, हे विल्यम गिल्बर्टने १६०० सालीच लिहून ठेवले होते. तुम्हीही लोखंडी गज दक्षिणोत्तर धरून हातोडीने ठोका. त्याचे उत्तरेकडील टोक होकायंत्राच्या सूचीच्या उत्तर ध्रुवाला दूर लोटते का? आता गज पूर्व-पश्चिम धरून ठोका आणि पुन्हा पाहा. काय फरक पडला?