वाया गेलेलं पोलाद

या खंडेनवमीला माझ्या आजोळच्या लोहारआळीत एकाही ऐरणीवर झेंडूचं फूल पडलं नाही. शेवटची भट्टी मामाची होती, ती श्रावणातच विझली. ऐरण भंगारवाल्यानं किलोच्या भावानं उचलली. त्याच आठवड्यात ग्रामपंचायतीच्या भिंतीवर पारंपरिक कारागिरांच्या योजनेचा फलक लागला. पाच ते सात दिवसांचं प्रशिक्षण, रोज ५०० रुपये भत्ता, प्रमाणपत्र आणि अवजारांसाठी १५ हजार रुपये. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेली ही विश्वकर्मा योजना वाईट आहे असं मी म्हणणार नाही. हातात कला असलेल्या माणसाला चार पैसे मिळत असतील तर ते मिळालेच पाहिजेत. पण फलक वाचून माझ्या पोटात तुटलं ते वेगळ्या कारणानं. या योजनेत बसायला माणूस आधीपासून त्या धंद्यात असावा लागतो. ज्याला अजून काहीच येत नाही, जो आधी भरपूर लोखंड वाया घालवणार आणि मग शिकणार, त्याचं काय करायचं, याचा विचार कुठेच नाही.

मामाच्या लोहारसाळेत हाच विचार सगळ्यात आधी होता.

आजोबांच्या काळाबद्दल मी लांबण लावणार नाही. बलुत्याचे गोडवे गाणारे पुष्कळ आहेत. सुगीला खळ्यावर धान्यासाठी ताटकळलेल्या लोहाराला विचारून कोणी ते गायलेले नाहीत. पुढे रस्त्यांवर ट्रक वाढले, त्यांच्या तुटलेल्या स्प्रिंगांचे पाटे भंगारात येऊ लागले आणि लोहाराला आयतं चांगलं पोलाद मिळालं. मधल्या वर्षांतली सांगण्याजोगी गोष्ट एवढीच. मला सांगायचं आहे ते नव्वदीचं दशक. त्या दशकातल्या सगळ्या सुट्ट्या मी सांगली जिल्ह्यातल्या त्या साळेत काढल्या. भात्याची जागा तेव्हा विजेच्या पंख्यानं घेतली होती. मामेभाऊ आणि आळीतली आणखी दोन-तीन पोरं हाताखाली होती. दिवाळीआधी गळीत हंगामाची तयारी सुरू झाली की ऊसतोडीचे कोयते, एरवी विळे, खुरपी, घरातल्या विळ्या आणि सुऱ्या, असं काम अखंड चाले.

नव्या पोराला मामा पहिल्याच दिवशी पातं करायला बसवायचा. कोयता नाही, सुरी. कारण सुरीचं पातं पातळ, आणि पातळ पात्यात चूक लपत नाही. पोरगं हाताला लागेल ते लोखंड घ्यायचं, बहुतेकदा बांधकामाची सळई. मामा काही बोलायचा नाही. दिवसभर ठोकून, घासून, पाणी देऊन झालं की मग कानस फिरवायला सांगायचा. कानस सुरकन पातं खात जायची, म्हणजे पोलादानं पाणी धरलंच नव्हतं. सळईत कार्बन इतका कमी असतो की कितीही लाल करून बुडवली तरी ती मऊच राहते. मग मामा सळई आणि पाटा दोन्ही सँडरवर टेकवून ठिणग्या दाखवायचा. सळईच्या ठिणग्या लांब, सरळ जातात. पाट्याच्या टोकाला फुटून फुलतात. हे आधी का नाही सांगितलं, असं एकानं विचारलं होतं. मामा म्हणाला, “आधी सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस. आता तुला म्हाईत झालंय.”

पुढची चूक तावाची. उन्हात पोलादाचा लाल रंग फिका दिसतो, म्हणून पोरं आणखी तापवत जायची. पोलाद पांढरं पडून चरचर ठिणग्या उडायला लागल्या की ते जळलंच. मामानं खिडकीला गोणपाट टांगलं होतं ते यासाठी. अंधारात रंग खरा दिसतो. बिघडलेल्या स्पीकरचा लोहचुंबक तारेला बांधून भट्टीपाशी ठेवलेला असे. साधारण ७७० अंशांना पोलाद चुंबकाला चिकटायचं थांबतं, आणि त्याच्या थोडं वर पाणी द्यायचा ताव येतो. अंश मामाला माहीत नव्हते. चिकटायचं थांबल्यावर किती दम धरायचा, ते बरोबर माहीत होतं.

आणि मग तो आवाज. तापलेलं पातं पाण्यात गेलं की चर्र होतं, ते ठीक. पण त्या चर्रमध्ये मधूनच बारीक ‘टिंग’ ऐकू आलं की साळेतले सगळे हात थांबायचे. पातं तडकलेलं असायचं. मामा ओरडायचा नाही. पातं शेगड्यात धरून हातोडीनं तुकडा पाडायचा आणि तुटलेली बाजू उजेडात धरायला लावायचा. जास्त ताव खाल्लेलं पोलाद आत रव्यासारखं जाड, चकाकतं दिसायचं. नीट तापलेलं बारीक, करडं, चमक नसलेलं. “बघ, कुठं चुकलं ते लोखंडच सांगतंय,” म्हणायचा. एकदा तडा मुठीत जाणाऱ्या टोकाजवळच गेला होता. तिथं पोरानं काटकोनात खाच ठेवली होती. मामानं गोल कानस हातात देऊन कोपरा वळवायला लावला. एकदा धार आधीच पातळ केलेली, म्हणून पातं वेडंवाकडं झालं. रुपयाच्या नाण्याइतकी जाडी ठेवायची, पाणी दिल्यावर घासायची, हे त्या दिवशी कळलं. सुरीसारख्या पात्याला पाणी नको, गरम केलेलं जुनं ऑइल बरं, हेही तिथंच.

कोयत्याचं मामा वेगळं करायचा, आणि ते बघायला मिळालं हे माझं भाग्य. फक्त धारेची कड पाण्यात धरायची. पाठ लाल असतानाच बाहेर काढून तुटक्या सहाणेच्या तुकड्यानं कड घासून उजळ करायची. पाठीतली उष्णता सावकाश कडेकडे सरकते आणि उजळलेल्या पोलादावर रंग चालत येतात: आधी गव्हाळ पिवळा, मग तपकिरी, जांभळा, शेवटी निळा. धारेशी तपकिरी पोचला की सगळा कोयता पाण्यात. एक श्वास उशीर झाला तर निळा धारेवर येतो आणि उसाच्या दोन सऱ्यांत ती धार वळते. घाई केली तर पोलाद कडक राहून दगडावर कपचा उडतो.

बिघडलेली सगळी पाती एका लाकडी खोक्यात जायची. खोकं भंगारात घालायची कोणालाच मुभा नव्हती. नवं पोरगं आलं की आधी ते ओतून बसायचं.

या वाया गेलेल्या पोलादाचे पैसे कोण भरत होतं? थोडे मामा, थोडे गाव. पोराच्या हातची विळी अर्ध्या किमतीत नेणाऱ्या बायका होत्या, आणि त्या परत येऊन सांगायच्या. “अण्णा, तुमच्या पोराच्या विळीनं कांदा चिरत न्हाई, चेंगरतोय.” धारेच्या मागे पातं जाड राहिलंय, हे या एका वाक्यातून कळायचं. अशी तक्रार करणारं गिऱ्हाईक शिक्षकच असतं.

तालुक्याच्या बाजारातला एक व्यापारी मात्र मला अजून आठवतो. तीन कोयते वाकले म्हणून त्यानं अख्ख्या गठ्ठ्याचे पैसे कापले आणि नंतर तो गठ्ठा पुऱ्या भावानं विकला. मामानं तोंडातून शब्द काढला नाही, पण त्या हंगामात पोरांच्या हाती कोयता दिला नाही. मामेभावाचं एक वर्ष तिथं गेलं. शिकणाऱ्याचा हात कसा आखडतो, ते मी तेव्हा पाहिलं, आणि त्या माणसाला मी माफ केलेलं नाही.

१ एप्रिल २००१ ला आयातीवरचे उरलेसुरले परिमाणात्मक निर्बंध उठले. बाजारात पत्र्यातून छापून काढलेल्या स्वस्त सुऱ्या आल्या. त्यांची धार गेली की फेकून द्यायची. तक्रार घेऊन कोणाकडे जायचं नाही. अर्ध्या किमतीची पोराची विळी घ्यायचं कारणच संपलं. पाठोपाठ उसाच्या फडात तोडणी यंत्रं आली. २०१५ पासून टीव्हीवर पाती बनवण्याच्या स्पर्धा दिसू लागल्या, शहरातली काही मुलं हौसेनं सुऱ्या करू लागली. त्यांचा मला आनंदच आहे. ती मोडतात, पुन्हा करतात. पण त्यांना स्वतःच्या खिशातून मोडता येतं. आळीतल्या पोराला तेवढा खिसा कधीच नव्हता, म्हणून मामेभाऊ आज औद्योगिक वसाहतीत यंत्रापाशी उभा आहे. त्याच्या हाताला अजून ताव कळतो.

पुण्यातल्या कोयत्याच्या गुन्ह्यांच्या बातम्यांमुळे आता अशी वेळ आली आहे की कोयता करणाऱ्याकडेही लोक संशयानं पाहतात. ज्या अवजारावर ऊसतोडीच्या जोडप्याचं घर चालतं, त्याच्यावर हा डाग यावा याचा मला राग येतो. पण ते गुन्हे थांबवायला लोहार संपवायची गरज नव्हती.

योजना आखणाऱ्यांकडे माझं मागणं छोटं आहे. १५ हजारांची अवजारं द्या, पण त्याबरोबर दोन वर्षांचा दगडी कोळसा द्या, भंगारातले पाटे द्या आणि शिकवणाऱ्याला महिन्याचा पगार द्या. आमच्या तालुक्याच्या रस्त्याला एक घिसाडी कुटुंब अजून पाल टाकतं. नवरा सांडशीत लोखंड धरतो, बायको घण मारते, आणि तिचा घाव कुठे पडणार हे त्याला सांगावं लागत नाही. पगार त्या दोघांना सुरू करा. शाळेचा दाखला मागू नका, आणि त्यांच्या हाताखाली मोडलेल्या पात्यांचा खर्च पोरांच्या भत्त्यातून कापू नका.