कानशिलावरचा तो त्रिकोण

मैत्रिणीच्या लग्नासाठी पार्लरमध्ये बसले होते. हेअर स्टायलिस्टने माझे केस मागे घेतले आणि तिचा हात थबकला. ‘मॅडम, इथे काय झालंय?’

हा प्रश्न मला बालवाडीपासून विचारला जातोय, त्यामुळे उत्तरं रेडी असतात. कधी टायफॉईड, कधी सायकलवरून पडले, कधी भाजलं. ज्या दिवशी जसा मूड! खरं उत्तर मला स्वतःलाच गेल्या वर्षी कळलं.

तर, माझ्या डाव्या कानशिलाच्या वर, कपाळाच्या कडेला, दोन बोटं मावतील एवढी एक तिरकी जागा आहे. तिथे केस नाहीत. म्हणजे आहेत, पण हातावर असते तशी लव. आजीने बघताक्षणी निदान केलं होतं : चाई! मग कांद्याचा रस आला, गुंजा उगाळून झाल्या. दुसरीच्या वर्गात मी ‘कांदाभजी’ म्हणून फेमस होते. पंधराव्या वर्षी एका डॉक्टरांनीही चाईच ठरवली आणि थेट त्या जागी स्टेरॉईडची इंजेक्शनं सुरू केली. चार महिने ती टोचून घेतली. केस एकही आला नाही, कातडीला खळगा मात्र पडला. तो पुढे हळूहळू भरून आला. त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. (ओके, थोडासा देते.)

गेल्या वर्षी पिंपल्ससाठी दुसऱ्या एका स्किन स्पेशालिस्टकडे गेले, तर त्यांची नजर आधी तिकडेच गेली.

‘हे कधीपासून?’

‘लहानपणापासून.’

‘लहानपणापासून म्हणजे नक्की कधीपासून? जुना फोटो आहे?’

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं. आईला तिथूनच फोन लावला. दहा मिनिटांत अल्बममधल्या फोटोंचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर हजर. बालवाडीतलं स्नेहसंमेलन, चौथीतला ग्रुप फोटो, दहावीचं आयकार्ड. सगळीकडे तीच जागा, तोच आकार. डोकं मोठं झालं तसा त्रिकोणही मोठा झाला, बस्स. डॉक्टरांनी डर्मोस्कोप, म्हणजे दिवा असलेलं भिंग, टेकवून पाहिलं. केसांची छिद्रं शाबूत, त्यांत बारीक लव, आणि कडेपासून एकदम नॉर्मल जाड केस. निदान झालं : टेम्पोरल ट्रँग्युलर अलोपेशिया. फ्रेंच डॉक्टर सबुरो यांनी १९०५ साली याचं वर्णन करून ठेवलंय. म्हणजे माझ्या आजीच्याही आधी!

चाईचं वागणं वेगळं. ती अचानक येते, चकती गुळगुळीत असते, कडेला उद्‌गारचिन्हासारखे मुळाशी बारीक झालेले केस दिसतात, आणि बऱ्याचदा ती भरूनही येते. वर्षानुवर्षं एकाच जागी मुक्काम ठोकून बसणं हा तिचा स्वभावच नाही. पण म्हणून लहान मुलाच्या डोक्यावरची प्रत्येक मोकळी जागा माझ्यासारखी निरुपद्रवी समजू नका. खाज, पापुद्रे आणि तुटके केस असतील तर ते गजकर्ण असू शकतं, आणि डोक्यावरच्या गजकर्णाला नुसतं मलम पुरत नाही, पोटातून औषध घ्यावं लागतं. जन्मापासून पिवळसर, मेणचट चट्टा असेल तर तो वयात येताना जाड होऊ शकतो. तो डॉक्टरांना दाखवून ठेवलेला बरा.

त्या संध्याकाळी आईला सगळं समजावलं. ती गप्पच. मग म्हणाली, ‘अगं, पण जन्मली तेव्हा नव्हतं. जावळ काढल्यावरच झालं. न्हाव्याचा वस्तरा लागला असणार, मला वाटायचं मी नीट लक्ष नाही दिलं.’

पंचवीस वर्षं ही बाई हे मनात घेऊन बसली होती!

त्याचंही उत्तर डॉक्टरांकडे होतं. तान्ह्या बाळाचे सगळेच केस मऊ आणि विरळ, त्यामुळे त्यात ही जागा लपून जाते. दोन-तीन वर्षांनी आजूबाजूला दाट केस येतात, तिथे मात्र लवच राहते, आणि मग ती डोळ्यांत भरते. वस्तऱ्याने केसांची मुळं जाण्याइतकी खोल जखम झाली असती, तर तिथे व्रण दिसला असता, छिद्रं आणि लव नसती.

औषधाची गरज नाही. दिसणं खटकत असेल तर हेअर ट्रान्सप्लांट करता येतं. मी अजून ठरवलेलं नाही. भांग मात्र हल्ली मधोमध पाडते.

आईने दुसऱ्याच दिवशी मामाला फोन केला. जावळ त्याच्या मांडीवर काढलं होतं ना! ‘तू हलवलंस म्हणून वस्तरा लागला’ हे त्याने तेव्हापासून दर राखीपौर्णिमेला ऐकलंय. निदान ऐकून तो एवढंच म्हणाला, ‘ताई, आता हे लिहून दे.’