पुढचा टायर एकसारखा का घासत नाही? नवा टाकण्याआधी हे तपासून घ्या

बऱ्याच घरांत एकच मोटारसायकल असते. सकाळी मुलांची शाळा, मग कामधंदा, संध्याकाळी बाजार. मागचा टायर लवकर गुळगुळीत होतो, म्हणून लक्ष त्याच्याकडेच जातं. पण जोरात ब्रेक लावला की गाडीचं वजन पुढे येतं आणि थांबवण्याचं मोठं काम पुढचा टायर करतो. तो वेडावाकडा झिजला असेल तर ओल्या रस्त्यावर गाडी घसरायला वेळ लागत नाही.

टायर कुठे घासलाय, त्यावरून दोष कुठे आहे याचा अंदाज येतो.

मधोमध घासलाय : बहुतेक वेळा हवा जास्त असते. टायर फुगतो आणि फक्त मधला पट्टा रस्त्याला टेकतो.

दोन्ही कडा घासल्यात : हवा कमी. वळताना हँडल जड लागतं, खड्ड्यात रिमलाही मार बसतो. 100 ते 125 सीसीच्या अनेक गाड्यांना पुढे साधारण 25 पीएसआय हवा लागते. आपल्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये किंवा गाडीवरच्या स्टिकरवर मिळेल. हवा टायर थंड असतानाच तपासा.

जागोजागी खोलगट टप्पे पडलेत : इथे फक्त हवा भरून भागत नाही. शॉकअप कमजोर झालं, त्याचं ऑइल गळू लागलं किंवा कोनसेट ढिला झाला की चाक रस्त्यावर नीट टेकून राहत नाही, उड्या मारतं. चाकाचं बॅलन्स बिघडलं तरी असंच होतं. नक्षीच्या कडा ब्रेकमुळे थोड्या करवतीसारख्या होतात, पण हाताला ठळक टप्पे लागले तर गाडी दाखवाच.

एकच बाजू घासलीय : रिम आउट असेल, बेअरिंग गेलं असेल किंवा गाडी पडल्यावर फोर्क वाकला असेल. चेन टाइट करताना मागचं चाक तिरकं बसलं तरी गाडी एका बाजूला ओढते. रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता असतो, त्यामुळे थोडा फरक पडणारच. तो जास्त दिसला तर मात्र कारण शोधायला हवं.

घरच्या घरी तपासणी

गाडी मेन स्टँडवर लावा. एकाने मागून दाबून पुढचं चाक उचलून धरावं. दुसऱ्याने चाक फिरवून रिम डुलते का ते पाहावं. मग फोर्क खालून धरून पुढेमागे हलवा. 'खट' वाजलं तर कोनसेट ढिला आहे. हँडल सावकाश फिरवताना मधोमध अडकत असेल तर तो झिजलाय. चाक आडवं हलत असेल तर बेअरिंग बघून घ्या.

टायर कधी बदलायचा?

दुचाकीच्या टायरची नक्षी किमान 0.8 मिमी खोल असावी, असा नियम आहे. खाचांमध्ये लहान उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. नवा घेताना बाजूचा चार आकडी कोड वाचा. 2324 म्हणजे 2024 सालच्या 23व्या आठवड्यात बनलेला.

मूळ दोष तसाच ठेवून नवा टायर टाकला तर तोही तसाच झिजेल आणि पैसे वाया जातील. म्हणून आधी दुरुस्ती, मग टायर. आणि पेट्रोल भरायला थांबाल तेव्हा हवाही बघा, विशेषतः मागे घरची माणसं बसणार असतील तेव्हा.