फवारा वाकडा का पडतो?

सावंतवाडीहून बेळगावकडे जाताना घाट चढला की सुमारे ६९० मीटर उंचीवर आंबोली लागते. वर्षाला साधारण सात हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या गावात पावसाळाभर कपडेसुद्धा धड वाळत नाहीत. अशा दिवसांत लोखंडी फाटकाला स्प्रे गनने रंग द्यायला घेतला आणि तो एका अंगाला दाट, दुसऱ्या अंगाला विरळ बसला, तर रंगारी म्हणतो, 'गन बिघडली.' फाटक खरवडून पुन्हा रंगवायचे, तर रंग आणि दिवसाची मजुरी दोन्ही बुडतात. तेव्हा दोष नेमका कोठे आहे, हे आधीच शोधलेले बरे.

गनच्या मधल्या बारीक तोंडातून रंग बाहेर येतो. या तोंडाभोवतीच्या फटीतून वेगाने सुटणारी हवा त्याचे सूक्ष्म थेंब करते. पुढच्या टोपीला दोन शिंगे असतात. त्यांच्या छिद्रांतून येणारे झोत फवाऱ्याला दोन्ही बाजूंनी दाबतात आणि गोल फवाऱ्याचा लांबट पट्टा होतो. समजा, एका शिंगाचे छिद्र वाळलेल्या रंगाने बुजले. आता दुसऱ्या झोताला विरोध करणारे कोणी उरले नाही. तो फवाऱ्याला बुजलेल्या बाजूकडे ढकलतो आणि पट्टा केळ्यासारखा वाकतो.

जुन्या वर्तमानपत्रावर क्षणभर फवारा मारा आणि डागाचा आकार पाहून ठेवा. मग फक्त टोपी अर्धा फेरा फिरवून पुन्हा मारा. वाकडेपणाही उलट्या बाजूला गेला, तर दोष टोपीत आहे. तो होता तिथेच राहिला, तर दोष रंगाच्या तोंडात किंवा आतल्या सुईत आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलल्यामुळे हे कळले. दोन्ही भाग एकदम साफ केले असते, तर कळले नसते.

साफसफाई हवा बंद करून, विस्तवापासून दूर, उघड्यावर करावी. भाग थिनरमध्ये भिजवून माडाच्या हिराने छिद्र मोकळे करावे. पुष्कळजण तार खुपसतात. तारेने छिद्राची कड ओरखडली, की तात्पुरता दोष कायमचा होतो.

पट्टा मध्येच जाड पडत असेल, तर रंग फार घट्ट आहे किंवा हवेचा दाब कमी आहे. दोन्ही टोकांना जाड आणि मध्ये विरळ असेल, तर बहुधा दाब जास्त आहे किंवा रंग फार पातळ झाला आहे.

पण पट्टा सरळ असूनही फवारा मधूनमधून थुंकल्यासारखा उडत असेल आणि रंगात पाण्याचे ठिपके दिसत असतील, तर आंबोलीत आधी हवेवर संशय घ्यावा. २० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे १७ ग्रॅम बाष्प मावते. कॉम्प्रेसर अशी सात घनमीटर ओली हवा दाबून एका घनमीटरात कोंबतो. बाष्प झाले सुमारे ११९ ग्रॅम. दाबताना हवा तापते, म्हणून ते काही वेळ टिकते. पण टाकी निवून पुन्हा २० अंशांवर आली, की त्यांतले १७ ग्रॅमच उरते. बाकीच्या सुमारे १०० ग्रॅमचे, म्हणजे अर्ध्या पेल्याइतके पाणी होते. टाकीच्या तळाची चावी रोज उघडून ते काढले नाही, तर ते नळीतून गनपर्यंत पोहोचते. नळीत पाणी अडवणारी गाळणी बसवली, तर उरलेले थेंबही बरेचसे अडतात.

लॅकरची आणखी एक अडचण आहे. त्यातले थिनर झपाट्याने उडून जाताना पृष्ठभाग गार पडतो. हवा जवळजवळ संपृक्त असेल, तर एका अंशाची घटही दव पडायला पुरते आणि लॅकरवर पांढुरकी झाक येते. येथे गन कितीही साफ केली तरी उपयोग नाही. शाळेतले ओला आणि कोरडा असे दोन तापमापक पाहावेत. त्यांच्यातला फरक दोन अंशांहून कमी असेल, तर त्या दिवशी फाटक तसेच राहू द्यावे.